बकरीच्या बदल्यात

कोयता आधी खाली ठेव, क्लोव्हिस.
बस. त्या दगडावर नको, तो हलतो.
चहा आल्याचा आहे, साखर संपली.

झाड तुझ्या हद्दीत आहे, कबूल.
बापानं खुंटी ठोकली तेव्हा दोन हात चुकला,
तेही कबूल.
आणि वॉटर माहोचं लाकूड कुचकामी,
ना वाशाला, ना कोळशाला, नुसता धूर,
हे तू मला सांगणार?
माझे डोळे असल्याच धुरानं गेले.
डॉक्टर मोतीबिंदू म्हणतो. म्हणो बापडा.

त्याच्या जागी केळीचे सात कोंब बसतील म्हणतोस.
आठ बसतील. मी पावलांनी मोजलंय.

पण वर बघ, नदीकडच्या फांदीला.
पान कुरतडलेलं दिसतंय?
मला दिसत नाही. मी रोज सकाळी
शिडीवर चढून पानांच्या कडा चाचपते,
बाजारातली आंधळी रोझमंड नाणी चाचपते तशी.
काल चार पानं पूर्ण होती, आज तीन.
म्हणजे आहे अजून. खातोय.

आपण पतंगाला बॅट म्हणतो, फुलपाखरालाही बॅट,
आणि वटवाघळाला रॅटबॅट, की झालं.
पण हे तळहाताबाहेर जाणारं, काळं,
पंखांतून हळदीचा पट्टा ओढलेलं,
हे या बेटाबाहेर कुठ्ठे नाही.
बेटावरही दोनच डोंगरांत.
पुस्तकात त्याला कुण्या जुन्या आंधळ्या कवीचं नाव आहे.
हे मला बापानं सांगितलं,
बापाला पेनहॅलोसाहेबानं.

तो साहेब बोटीनं पोर्ट अँटोनिओला यायचा,
तिथून खेचरावर इथवर.
जोडीला दहा शिलिंग. मोडका पंख चालायचा नाही.
माझी बोटं लहान, म्हणून काम माझ्याकडे.
पंखांच्या खाली, छातीवर, चिमटी.
जोर नाही लागत.
टिच् असा आवाज येतो.
नाही, आवाज येत नाही. बोटांना कळतं.
मग तिकोनी कागद, वर पेन्सिलीनं तारीख.

त्या वर्षी मला बूट आले, तपकिरी, बक्कलवाले.
शाळेत मी पाय बाकाबाहेर काढून बसायचे.
दोन वर्षं चालले, मग धाकट्या हायसिंथला.
किती मारली ते विचारू नकोस.
एकोणीस.
मोडकी आम्ही कोंबड्यांना टाकायचो,
ती एकोणिसात धरलेली नाहीत.

मागे विद्यापीठातली एक मुलगी आली, वही घेऊन.
आजी, पूर्वी किती दिसायची?
म्हटलं, पुष्कळ.
मग कमी का झाली?
म्हटलं, बारीक गांधीलमाश्या येतात,
त्याच्या अंड्यात आपली अंडी घालतात.
घालतातच. खोटं नाही बोलले मी.
तिनं ते लिहून घेतलं,
माझ्या अंगठ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

परवा धुणं वाळत घालत होते.
हातावरून एक सावली गेली.
पाखराची नव्हती, पाखराची सावली पळते.
ही पुढे गेली, अडखळली, मागे आली,
ओल्या चादरीवर थोडा वेळ राहिली.
मी चिमटा हातात धरून उभी.
चिमटा लाकडी, कपड्यांचा.
तरी मी तो हळूच खिशात घातला.

तर असं कर.
डचेसला घेऊन जा.
दुसऱ्यांदा गाभण आहे, गेल्या खेपेला दोन दिली होती.
आठ कोंबांपेक्षा ती महाग आहे, तुलाही ठाऊक आहे,
म्हणून तर मघापासून गप्प आहेस.
कागद नको. मी असेपर्यंत झाड उभं,
नंतरचं तू आणि तुझा देव.

पुलापलीकडे बांध, दुहेरी दोरानं.
तरी दोर चावून येईलच ती, दोनदा, तीनदा.
आली की मी पाणी दाखवेन, चारा नाही.
तूच येऊन घेऊन जायचंस.

आणि नेताना खालच्या वाटेनं ने.
इथून नेलीस
तर जाता जाता फांदी ओरबाडेल.